मुरलीधर साडेसातले झोपते, मामा नऊले

अनुभव म्हटला का तुमच्या डोळ्यासमोर काय येते ते मले माहीत हाय. भक्त संकटात असते. रस्ता सुनसान असते. मंग पांढऱ्या धोतरातला एक म्हातारा येते, मदत करते, भक्त पाया पडाले वाकते, अन् मान वर करून पाह्यते तं म्हातारा गायब. अशे अनुभव मामी मले मासिकातून वाचून दाखवते. मी त्या म्हाताऱ्याचा आवाज काढतो, अन् मामी त्याच मासिकाची सुरळी करून मले हाणते. तं आधीच सांगून ठेवतो, माह्या अनुभवातला माणूस गायब झाला नाई. त्याच्या सायकलची चेन पडलती. चेन पडलेला माणूस गायब कसा होईन? संकट होतं, रस्ताही सुनसान होता. धोतर मात्र नव्हतं. हाफ स्वेटर अन् माकडटोपी होती. ज्याले धोतरच पाह्यजे त्यानं पान उलटवावं.

मी नकला करतो. लग्नात, हळदीत, गॅदरिंगमधी, कोणी बोलावलं तं आनंदानं, नाई बोलावलं तं आपणहून. आवाज एकदा ऐकला का माह्या गळ्यात बसते. एसटीचा कंडक्टर, सरपंच, भांडे इकणारा, बकरी. बकरी तं अशी जमते का बकऱ्या वळून पाह्यते. माह्ये मायबाप रोहण्याले असते. वावरात सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, पालक, वांगे लावते अन् बाजारात नेते. मी कॉलेजसाठी नाचणगावले मामाकडं राह्यतो, पुलगाव तिथून लागूनच हाय. मामा एका शाळेत क्लार्क हाय, गाव त्याले बाबूजी म्हणते. मामा-मामीले लेकरू नाई. म्हणून त्या घरात मी जरा जास्तच शेफारलो, असं मामी म्हणते, अन् मले ते मान्य हाय.

पण मामाची खरी ओळख शाळेतली नाई, भजनातली. दर शनिवारी मारुतीच्या देवळात मंडळ बसते अन् मामा खंजिरी वाजवते. अशी वाजवते का ऐकणाऱ्याचं बोट आपसूक मांडीवर पडते. त्याच्या मंडळात एक नियम होता. भजनात डुलकी घ्याची नाई. कोणाची मान कलली का मामाचा हात खंजिरीवरून सुटे, त्याच्या कानावर टिचकी मारे, अन् ताल चुकाच्या आत परत खंजिरीवर येई. देवाचं नाव चालू असताना झोपणं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्यासमोर तंगड्या पसरून लोळणं, असं तो म्हणे. एकदा दिवसभर वावरात वाकून निंदण करून आलेला एक म्हातारा गडी भजनात पेंगला, तं मामानं त्याले उठवलं अन् म्हटलं, झोपाचं असन तं घरी झोप. तो म्हातारा मंग मंडळात कधी आला नाई. त्या टोल्याचा आवाज मले तवाच नीट ऐकू याले पाह्यजे होता, पण मी कोपऱ्यात बसून त्या म्हाताऱ्याच्या घोगऱ्या आवाजाची प्रॅक्टिस करून राह्यलो होतो.

तं अशा माणसाची झोप दसऱ्याच्या आसपास गेली.

काही झालं नव्हतं. हेच लोकायले पटत नव्हतं. नोकरी चांगली होती, घर स्वतःचं होतं, तब्येत ठणठणीत होती. तरी रात्री दोन वाजता पाह्यलं तं मामा भिंतीले टेकून बसला असे, अन् चार वाजता पाह्यलं तं तसाच. दाढी वाढली. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. खंजिरी खुंटीले लटकली ते लटकली. लोकं येत अन् कारण शोधत. कोणी म्हणे साहेब त्रास देते का, कोणी म्हणे नजर लागली. एकानं तं मले बाजूले घेऊन इचारलं का मामा-मामीचं जमते ना. मले वाटलं आपण हसवू. मी दाराआड उभा राहून सरपंचाचा आवाज काढला, बाबूजी हाय का घरी. मामानं मान वर न करता म्हटलं, साहेब, मी घरी नाई. त्या दिवसापासून मी घरात नकला बंद केल्या.

मंग एका सकाळी चहा पेता पेता मामा म्हणे, "मी नसलो तं तुमचं काही अडन असं मले वाटत नाई." गॅस संपला असं सांगावं तसं सांगतलं त्यानं. मामीनं कप खाली ठेवला. रडली नाई, भांडली नाई. शाळेत फोन करून सुट्टी सांगतली, अन् त्याच दिवशी आम्ही त्याले वर्ध्याले दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या. त्यायनं सांगतलं का हे मनाचं दुखणं हाय, जशी शुगर असते, बीपी असते. याले कारण लागतेच असं नाई. अन् माणूस असं बोलला तं ते कधी हसण्यावारी नेऊ नका, आजच आणलं हे बरं केलं. गोळ्या देल्या, गुण याले काही आठवडे लागन म्हणे, तोवर एकटं सोडू नका. अन् जाता जाता एक गोष्ट सांगतली. रोज रात्री एकाच वेळी दिवा मालवाचा, आडवं पडाचं, अन् अर्धा-पाऊण तास आवडीचं शांत संगीत ऐकाचं. गोळीच्या बदल्यात नाई, गोळीच्या सोबत. मेंदूले कळते का आता दुकान बंद. पंधरा दिवसांनी या, झोप सुधरली नाई तं भरती कराचं पाहू. संगीताचं खातं मामीनं माह्याकडं देलं. घरात फोनचा जाणकार मीच.

पह्यल्या रात्री मी फोनवर बासरी लावली. मामाचे डोळे मिटाले आले, अन् मधातच एक बाई ओरडली का आजच प्लॉट बुक करा. मामा दचकून उठला. दुसऱ्या रात्री जुने सिनेमाचे गाणे लावले. त्यातल्या कोणत्या गाण्यानं त्याले कोण आठवलं माहीत नाई, तो उशीत तोंड घालून पडला अन् मामीनं मले डोळ्यानं सांगतलं का बंद कर. मंग माह्या डोक्यात उजेड पडला. आवडीचं म्हणजे काय, भजन. माह्या फोनमधी मंडळाचं रेकॉर्डिंग होतंच. तिसऱ्या रात्री नऊ वाजता दिवा मालवला, मामाले नीट आडवं केलं, पांघरूण घातलं अन् भजन लावलं. अन् मामा उठून बसला.

मांडी घातली. टोपी लावली. हात जोडले. अन् भजन संपेपर्यंत तसाच ताठ.

मले वाटलं आज झालं, उद्या होणार नाई. पण सहा रात्री हेच. मी पांघरूण घातलं का फोन बोलाले लागे, अन् मामा स्प्रिंगसारखा उठून बसे. मामी म्हणे, अहो, पडल्या पडल्या ऐका, डॉक्टरीणबाईनं सांगतलं. मामा म्हणे, देवाचं नाव चालू अन् मी आडवा, कसं जमन? सांगा मंग याच्यावर काय औषध असते. बिनभजनाचं गाणं लावलं तं मन लागत नाई, अन् भजन लावलं तं पाठ टेकत नाई. ज्यानं वीस वर्ष दुसऱ्याच्या कानाले टिचकी मारली, त्याले आता स्वतःचीच टिचकी झोपू देत नव्हती.

इथं एक कबूल करतो. त्या आठवड्यात मी मारुतीच्या देवळात गेलतो अन् देवाशी भांडलो. बाहेर चप्पल काढली, नारळ-फूल काही नेलं नाई, अन् मनातल्या मनात म्हटलं, या माणसानं तुह्यासाठी वीस वर्ष खंजिरी वाजवली, अन् तुले त्याले सहा घंट्याची झोप देणं होत नाई. देवाचं उत्तरही मीच मनात त्याच्या आवाजात देऊन पाह्यलं. पण देवाचा आवाज मले काढता येईना. कोणाचाही काढता येते, तिथं गळा बंद. मी चप्पल घातली अन् घरी आलो. श्रद्धा होती का नव्हती ते तुम्ही ठरवा. मले तं फक्त राग आलता.

डॉक्टरकडं जाण्याले चार दिवस होते. मामी म्हणे, यायले दोन दिवस रोहण्याले बहिणीकडं ने, वावरातली हवा लागन. मी मामाले स्कूटरवर मागं बसवलं, मामीनं त्याच्या गोळ्या डबीत बांधून देल्या, अन् दुपार कलल्यावर आम्ही निघालो. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडते. रोहणा सात-आठ किलोमीटर राह्यलं अन् मागचं चाक बसलं. फोन पाह्यला तं तोही गेलता, दिवसभर मी त्याच्यावर झोपेचे गाणे शोधत होतो ना. मामा रस्त्याच्या कडेले दगडावर बसला. त्याले पंक्चरचंही काही वाटत नव्हतं. तेच मले जास्त लागलं.

तवा तो सायकलवाला आला. सायकलवर नाई, सायकलच्या बाजूनं, कारण चेन पडलती. हात कोपरापर्यंत काळे. माकडटोपीतून फक्त नाक अन् मिशा दिसत होत्या. त्यानं आमचं चाक पाह्यलं, आपली चेन पाह्यली, अन् म्हणे, सगळ्यायचंच बसलं का आज. मंग म्हणे का फाट्यावरच आमचं गाव हाय, पंक्चरवाला माह्या पुतण्याच हाय, पण तो जेवाले गेला असन. तोवर देवळात बसा, थंडी हाय. आम्ही तिघं अन् दोन बिघडलेल्या गाड्या असे चालत निघालो. मले बोलल्याशिवाय राह्यवत नाई म्हणून मी त्याले सांगत गेलो का मामाले बरं नाई, झोप येत नाई. त्यानं फक्त हूं केलं.

देऊळ छोटंसं, मुरलीधराचं. त्यानं हौदावर राखेनं हात घासले, टोपी काढली, खिशातून किल्ली काढली अन् देवळाचं दार उघडलं. तवा मले कळलं का पुजारी हाच. त्यानं सांगतलं का आज देवाले लवकर झोपवाचं हाय. वावरातली लाईट या आठवड्यात रात्री आठपासून असते, विहीर दोघा भावांची, अन् आजची रात त्याच्या पाळीची, हरभऱ्याले पाणी द्याचं होतं. म्हणून मुरलीधर आज साडेसातले झोपन. मी मनात म्हटलं, वा, महावितरणच्या हिशोबानं चालणारा देव पह्यल्यांदा पाह्यला. हे मी अजून कोणाले बोललो नव्हतो, इथंच लिहून राह्यलो.

मंग त्यानं देवाची शेज केली. हातभर लांबीचा लाकडी पलंग, त्याच्यावर जुन्या लुगड्याची गोधडी, बोटाएवढी उशी. देवाच्या हातातली बासरी हळूच काढली अन् उशाशी ठेवली. मुकुट उतरवला. तांब्यात पाणी भरून ठेवलं, रात्री तहान लागली तं. समई बारीक केली. अन् गाले लागला. आवाज काही गोड नव्हता, सांगून ठेवतो. थोडा बसका, थोडा नाकातला, अन् इतका हळू का आम्ही श्वास धरून ऐकत होतो. गाणं त्याच्या आजीनं जोडलेलं, कुठं छापलेलं नाई. गाई आल्या, वासरं आले, दिवा मंद केला रे. उरलं ते उद्या पाहू, आता नीज बापा रे. असंच पुढं, कोंबड्या कोंडल्या, चूल इझवली, एकेक काम सांगाचं, अन् दर वेळी उरलं ते उद्या पाहू. घरातली बाई लेकराले थोपटता थोपटता दिवस आवरते ना, तसं.

मामा अर्थातच ताठ बसला होता. मांडी, टोपी, जोडलेले हात, सगळं. पुजाऱ्यानं एका कडव्याच्या शेवटी मागं वळून त्याच्याकडं पाह्यलं. "भाऊ," तो म्हणे, "हे जागाची आरती नोय. झोपाची हाय. याच्यात बसत नाई कोणी. टेका तिथं."

अन् परत गाले लागला. जसं काही त्यानं फक्त सतरंजी पुढं सरकवली. मामानं देवाकडं पाह्यलं. देव आडवा होता. त्याच्याच नावाचं गाणं चालू होतं अन् तो पांघरूण घेऊन पडला होता. मामाच्या चेहऱ्यावर काय झालं हे मले लिहिता येत नाई. एवढंच सांगतो का त्याचे जोडलेले हात सुटले अन् मांडीवर पडले. मंग पाठ खांबाले लागली. मंग मान कलली. मी आदतीनं त्याच्या कानाकडं पाह्यलं, कोणी टिचकी तं मारत नाई ना.

मामा झोपला. दोन महिन्यात पह्यल्यांदा माह्यासमोर झोपला. मी घाबरून नाकाशी बोट धरून पाह्यलं, गरम वारा येत होता.

गाणं संपलं. दार लावाची वेळ झाली, अन् मामा दाराच्या आत. मी त्याले उठवाले हात पुढं केला, तं पुजाऱ्यानं माह्यं मनगट धरलं. आपली घोंगडी आणली, मामाच्या अंगावर टाकली, अन् मले घेऊन पायरीवर बसला. पुतण्या पंक्चरचं सामान घेऊन आला, त्याले इशाऱ्यानंच सांगतलं का टायर ठोकू नोको. तो पोट्टाही शहाणा, तो पण आमच्याजवळ येऊन बसला. आठ वाजले. दूर वावरात कोणाची मोटर चालू झाल्याचा आवाज आला. मी म्हटलं, काका, तुमची पाळी. तो म्हणे, हरभरा थांबते. साडेनऊ झाले. दीड घंटा तो माणूस थंडीत घोंगडीशिवाय पायरीवर बसला, आपली पाण्याची पाळी सोडून, अशा माणसासाठी ज्याचं नावही त्यानं इचारलं नव्हतं. मी त्या दीड घंट्यात एकही नक्कल केली नाई. मारुतीशी भांडण केलेलं आठवून राह्यलं होतं, अन् कान गरम होऊन राह्यले होते.

मामा आपणहून उठला. ओशाळला. म्हणे, महाराज, देवासमोर झोपलो मी. पुजारी म्हणे, देवही तं झोपलाच होता. मामानं इचारलं, "देव झोपला मंग रात्री जगाचं कोण पाह्यते?" बऱ्याच दिवसात त्यानं काही इचारलंच नव्हतं. पुजारी किल्ली लावता लावता म्हणे, "ते मी कधी इचारलं नाई. माह्याकडं त्याले झोपवाचं काम हाय. बाकीचं तो पाहीन."

त्या रात्री चाक नीट करून रोहण्याले घरी पोचल्यावर मामा पुन्हा जागा राह्यला. खोटं कायले सांगू. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मले म्हणे, ते गाणं येते का तुले. फोन बंद होता, रेकॉर्डिंग नव्हतं. पण माह्या गळ्यात ते बसलं होतं, बसक्या आवाजासकट, नाकासकट. नऊ वाजता मायनं दिवा मालवला, मी मामाच्या खाटेजवळ खाली बसलो अन् त्या पुजाऱ्याचा आवाज काढून गाले लागलो. पह्यल्या कडव्याले मले वाटलं मामा उठून बसन. तो हलला. मी पुजाऱ्याच्याच आवाजात म्हटलं, भाऊ, टेका तिथं. मामा अंधारात हसला. आवाज नाई आला, खाट हलली म्हणून कळलं.

तवापासून हे रोज चालू हाय. नाचणगावले परत आल्यावरही. गोळी, दिवा, गाणं. डॉक्टर मॅडमले सांगतलं तं त्या खूश झाल्या अन् म्हणे, गाणं चालू ठेवा, अन् गोळी आपल्या मनानं बंद करू नका. काही रात्री झोप आली, काही रात्री नाई आली. एकदा तं सलग तीन रात्री नाई आली. पण मामा म्हणे, उरलं ते उद्या पाहू. हळूहळू दोन घंट्याचे चार झाले, चाराचे सहा. दाढी होऊ लागली. भाकरी पूर्ण झाली. भरती कराची वेळ आली नाई.

एका रात्री गाणं झाल्यावर मी बाहेर आलो तं मामी ओट्यावर बसली होती. म्हणे, आता तू त्या पुजाऱ्याचा आवाज काढत नाई ना. मी म्हटलं, काढतो. म्हणे, नाई, केव्हाचाच सोडला तू. हा तुह्याच हाय. मी दुसऱ्या रात्री ध्यान देऊन ऐकलं. खरंच. बसका नव्हता, नाकातला नव्हता. कोणाचाच नव्हता, म्हणजे माह्याच होता. इतके वर्ष गावाचे आवाज काढले, अन् स्वतःचा सापडला तो अंधारात, एका माणसाले झोपवता झोपवता. मी काही मोठा भक्त नाई. पण शरण जाणं म्हणते ते हेच असावं असं मले वाटते. मामाले झोप देणं माह्या हातात नव्हतंच. गोळी देणाऱ्यानं गोळी देली, दार न लावणाऱ्यानं दार उघडं ठेवलं, मी रोज नऊ वाजता बसाचं. येवढंच काम माह्याकडं हाय. झोप येते ती तिकडून येते. देवाचा आवाज मले आजही काढता येत नाई, अन् आता मी तो काढाच्या मागंही लागत नाई.

होळीच्या आधी आम्ही तिघं मुरलीधराले जाऊन आलो. मामीनं देवासाठी नवी गोधडी शिवली होती, बारीक टाक्याची. पुजाऱ्यानं आम्हाले ओळखलं नाई. स्कूटर पाह्यल्यावर म्हणे, हां, मागचं चाक. मामानं पाण्याच्या पाळीबद्दल माफी मागतली तं म्हणे, हरभऱ्यानं कवाच माफ केलं. तिथून आल्यावरच्या शनिवारी मामा खंजिरी घेऊन मंडळात बसला. जाताना वाटेत त्या म्हाताऱ्या गड्याच्या घरी थांबला, अन् त्याले हात धरून सोबत नेलं. तिसऱ्या भजनाले म्हाताऱ्याची मान कलली. सगळे मामाकडं पाहू लागले. मामाचा हात खंजिरीवरून सुटला, खांद्यावरची शाल काढली, म्हाताऱ्याच्या अंगावर टाकली, अन् परत खंजिरीवर आला. ताल चुकला. पह्यल्यांदाच चुकला.

आता इथं लेख संपवला असता तं माह्यी इज्जत राह्यली असती. पण हनुमान जयंतीले देवळात महाप्रसाद होता. शंभर-दोनशे लोक पंगतीले, अन् घोषणा कराले माइक माह्याकडं. पंगतीतून एक जण ओरडला का भाच्या, बाबूजीले आता झोप येते का. बोलाची गरज नव्हती. मी माइक जवळ घेतला अन् मामाचं घोरणं सादर केलं. सुरुवातीची घरघर, मधातली शिट्टी, मंग एकदम शांतता, लोकायनं श्वास धरला, अन् मंग तो शेवटचा ट्रॅक्टर. बाया पदर तोंडाले लावून हसल्या. वाढपी वाकडे झाले. मी पाच मिनिट केलं असन. मंग पाह्यलं तं बुंदीचं टोपलं हातात घेऊन मामा माह्या मागंच उभा होता.

घरी आल्यावर त्यानं दार लोटलं, अन् मले मधात उभं केलं. मामी भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली, तिचे खांदे हलून राह्यले होते.

"मामानं भाच्याले मारलं तं म्हातारपणी हात थरथर कापते म्हणते," मामा म्हणे, "म्हणून वाचला तू आज. नाई तं त्याच टोपल्यात घालून रोहण्याले पोचवला असता. हेडमास्तर जेवत होते तिथं. त्यायच्या नाकातून वरण आलं. उद्या मी त्यायच्यासमोर कोणतं तोंड घेऊन सही मागू? अन् माइक कायचा होता तो? आरतीचा. आरतीच्या माइकवर तू मले घोरवतं? अन् ते मधात शिट्टी कायची घातली? मी शिट्टी नाई वाजवत."

"वाजवता," मामी भिंतीले म्हणे.

"तू मधात बोलू नोको. वाजवतो तं वाजवतो, गावाले कायले सांगाचं? लय मुश्किलीनं मिळाली हाय मले ते झोप. तुह्या नकलेचं सामान नोय ते, समजलं का? हसू नोको. खाली मान घाल. अन् आता उभा काऊन राह्यला, नऊ वाजून राह्यले, दिवा मालव अन् गाणं म्हण. अन् झालं का मुकाट्यानं जाजो, दाराशी कान लावून बसला दिसला ना, तं हात कापले तरी चालन मले."